बॅलन्स्ड फंड हवा, पण त्यात परदेशी शेअर्सचाही वाटा हवा. काय बघून निवडायचा?

खाडीकाठ, ऐरोली | शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल.

आमचं वय ४६ आणि ४९. दोघंही नोकरीत, मी माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये, हे रबाळे एमआयडीसीत. घराचं कर्ज या दिवाळीत फिटलं, त्यामुळे महिन्याला २५ हजार बाजूला काढता येतील. ईपीएफ, पीपीएफ, थोड्या एफडी आहेत. बँकेतल्या बाईंनी सुचवलेल्या एका अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड फंडात चार वर्षं १० हजारांची एसआयपी चालू आहे. त्यात काय आहे हे मी आजवर उघडून पाहिलेलं नाही.

प्रश्न पडला तो भाऊबीजेला. आमच्या जाऊबाई नौपाड्यात राहतात, त्यांचे दोन्ही मुलगे मास्टर्सला जर्मनीत. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावी लागते. जाऊबाई सगळे हिशोब एका डायरीत लिहितात, ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. एका पानावर थोरल्याचं, २०२३ चं: ११,२०८ युरो, दर ९०, म्हणजे दहा लाखांच्या थोडं वर. त्याच्या समोरच्या पानावर धाकट्याचं, या वर्षीचं: ११,९०४ युरो, दर १०१, म्हणजे बारा लाख. दोन्ही पानांखाली दोन-दोन रेघा मारलेल्या. दोन वर्षांत दोन लाख वाढले, आणि त्यात तिथली वाढ थोडी, आपल्या रुपयाची घसरणच जास्त. एवढं तर दोन वर्षांच्या एफडीनेही दिलं नसतं.

आमची मुलगी नववीत आहे. तिलाही बाहेर शिकायचंय, म्हणजे सात-आठ वर्षांनी ही डायरी आमच्या घरात येणार.

म्हणून असा एकच फंड शोधतेय, ज्यात थोडे बाँड, बरेचसे भारतीय शेअर आणि काही भाग जगातल्या मोठ्या कंपन्यांचा असेल. एकदा लावला की शांतपणे चालत राहील असा. आहे का? आणि निवडताना नेमकं काय बघायचं?

---

येऊरवारा | रात्री १०:४०

ताई, साधा अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड आहे तोच चालू ठेवा. भारताचा बाजार वाढतोय, बाहेर जायची गरजच काय? बाहेरच्या कंपन्यांचं आपल्याला काही कळत नाही, इथलं निदान पेपरात वाचतो तरी.

---

आकडेमोड | रात्री ११:२५

धागा चांगला आहे. तुमच्या मनातला एकच फंड सहसा का सापडत नाही, ते आधी सांगतो. ते कळलं की पुढचं सोपं आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने (बाजाराच्या नियामकाने) फंडांचे प्रकार पक्के केले. नुसतं ‘बॅलन्स्ड’ म्हणून काहीही विकण्याचे दिवस तेव्हा संपले. तुमचा अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड म्हणजे ६५ ते ८० टक्के शेअर, २० ते ३५ टक्के बाँड. बॅलन्स्ड हायब्रिड नावाचा खरा मधला प्रकारही आहे, ४० ते ६० टक्के शेअरचा, पण त्यात फंड फारच थोडे.

आता कर. फंडाला ‘इक्विटी’चा कर लागू व्हायचा असेल तर किमान ६५ टक्के पैसा भारतातल्या लिस्टेड कंपन्यांच्या शेअरमध्ये असावा लागतो. परदेशी शेअर त्यात धरत नाहीत. म्हणजे ६५ टक्के भारतीय शेअर आणि नियमाप्रमाणे किमान २० टक्के बाँड ठेवले की उरले किती? पंधरा. अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिडमध्ये परदेशी शेअर जास्तीत जास्त तेवढेच बसतात. आणि फंड मॅनेजर काही अगदी काठावर गाडी चालवत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक फंडांत हा आकडा शून्य असतो, नाहीतर दोन-तीन टक्के.

नावात ‘ग्लोबल’ असो वा नसो, फॅक्टशीटमध्ये (फंडाच्या मासिक माहितीपत्रात) ‘फॉरेन इक्विटी’ ही ओळ शोधा. पोर्टफोलिओ दर महिना संपल्यावर दहा दिवसांत जाहीर करावाच लागतो. फक्त ताजा महिना बघू नका, दोन वर्षांपूर्वीचाही काढून शेजारी ठेवा. का, ते पुढे कोणीतरी लिहीलच.

---

जुना_ठाणेकर | रविवार, सकाळी ७:०५

येऊरवारा, तुमच्या मुद्द्यावर दोन शब्द. रागावू नका.

मी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात ३१ वर्षं काढली. १९९२ साली आमच्या कँटीनमध्ये चहावाल्यापासून सुपरवायझरपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी शेअर होते. एप्रिल ९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ ला गेला. मे २००३ मध्ये तो तीन हजारांच्या आसपास होता. अकरा वर्षं! त्या अकरा वर्षांत माझी मुलगी पहिलीतून बारावीला गेली. देश त्या काळात थांबला नव्हता, रस्ते झाले, फोन आले, सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या राहिल्या. तरी पैसा लावणाऱ्याच्या हाती काही आलं नाही.

जपानचं तर याहून वाईट. निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ ला होता. तो आकडा पुन्हा दिसायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. तिथल्या माणसालाही १९८९ साली असंच वाटत असेल की आपल्याच कंपन्या जगात पहिल्या, मग बाहेर कशाला जायचं.

परदेशात जास्त मिळतं म्हणून मी हे सांगत नाही. आपली नोकरी इथली, घर इथलं, पीएफ इथला. सगळं एकाच वेळी एकाच कारणाने अडकू नये, एवढंच.

---

खाडीकाठ | रविवार, सकाळी ९:३०

काका, मुलगी पहिलीतून बारावीला गेली हे वाचून पोटात गोळा आला. आमचा काळ तर त्याहून कमी.

बँकेतल्या बाईंना काल फोन केला होता. त्या म्हणाल्या, ‘मल्टी अ‍ॅसेट घ्या, त्यात सगळं येतं.’ आणि लगेच एका नवीन फंडाचं माहितीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. सगळं येतं म्हणजे परदेशी शेअरही येतात का?

---

आकडेमोड | रविवार, सकाळी ११:१०

येतीलच असं नाही. मल्टी अ‍ॅसेटचा नियम असा: किमान तीन मालमत्ता प्रकार, प्रत्येकात किमान दहा टक्के. पण सेबीने त्याच परिपत्रकात म्हटलंय की परदेशी शेअर हा वेगळा प्रकार धरायचा नाही. म्हणून बहुतेक फंडांची त्रयी शेअर, बाँड आणि सोनं अशी असते. काही फंड परदेशी वाटा मुद्दाम ठेवतात. उदाहरणार्थ निप्पॉन इंडियाच्या मल्टी अ‍ॅसेट फंडाच्या बेंचमार्कमध्येच (ज्याच्याशी फंडाची तुलना होते त्या मापातच) एमएससीआय वर्ल्ड इंडेक्स आहे. घ्याच असं मी म्हणत नाही. मुद्दा असा की बेंचमार्क वाचला की फंडाचा इरादा कळतो. बेंचमार्क पूर्ण भारतीय असेल, तर परदेशी वाटा हा मॅनेजरच्या मर्जीचा भाग. आज आहे, उद्या नसेल.

‘बॅलन्स्ड अ‍ॅडव्हांटेज’ वाचतानाही जपा. तिथे शेअर ६५ टक्क्यांच्या वर दाखवलेले असतात, पण त्यातला मोठा भाग फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) विकून हेज केलेला, म्हणजे भावाच्या चढउतारापासून बांधून ठेवलेला, असू शकतो. म्हणजे कराच्या हिशोबात शेअर, जोखमीच्या हिशोबात जवळजवळ ठेव. ‘नेट इक्विटी’ (हेज वगळून उरलेले शेअर) बघा, तोच खरा आकडा.

नवीन फंडाचा इतिहासच नसतो, आणि दहा रुपयांची एनएव्ही (एका युनिटची किंमत) म्हणजे स्वस्त हा गैरसमज आहे. ते माहितीपत्रक सध्या बाजूला ठेवा.

---

पारसिकपलीकडे | रविवार, दुपारी १:४५

दोन वर्षांपूर्वीची फॅक्टशीट का बघायची, ते मी लिहितो. ते मी पैसे घालवून शिकलोय.

म्युच्युअल फंडांना परदेशात पैसा न्यायला मर्यादा आहे. सगळ्या कंपन्यांना मिळून ७ अब्ज डॉलर, एका कंपनीला १ अब्ज. परदेशी ईटीएफसाठी (बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या फंडांसाठी) वेगळी, एकूण १ अब्ज. २०२२ च्या सुरुवातीला ७ अब्जांचा हंडा काठोकाठ भरला आणि २ फेब्रुवारीपासून नवीन पैसा घेणं थांबलं. जूनमध्ये थोडी वाट मोकळी झाली, पण तेवढ्यापुरतीच: ज्याने जेवढे विकले त्याने तेवढंच पुन्हा घ्यायचं. १ एप्रिल २०२४ पासून ईटीएफची वाटही बंद झाली.

परिणाम समजून घ्या. पराग पारीख फ्लेक्सी कॅप हा काही बॅलन्स्ड फंड नाही, पण परदेशी वाट्यासाठी सगळ्यांना माहीत असलेला. २०२१ च्या अखेरीस त्यात परदेशी शेअर एक चतुर्थांशाहून जास्त होते: अल्फाबेट, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, मेटा. मग मर्यादा आली. लोकांचा पैसा येत राहिला, पण तो भारतातच लावावा लागला. आता तो वाटा दहा-बारा टक्क्यांवर आहे. यात फंडाची चूक नाही, पण २०२१ ची फॅक्टशीट बघून ज्याने घेतला त्याच्या हातात आज वेगळंच मिश्रण आहे. तेव्हा तुमच्या ‘एकदा लावला की शांतपणे चालत राहील’ला इथे तडा जातो, ताई.

माझं म्हणाल तर २०२२ मध्ये माझ्या परदेशी फंडाची एसआयपीच थांबली. मेसेज आला होता, मी वाचला नव्हता. पाच महिने पैसे खात्यात तसेच पडून, आणि मला वाटतंय एसआयपी चालू आहे. मग हट्टाने बाजारातून ईटीएफ घेतला. नवीन युनिट तयार होणं बंद, घेणारे भरपूर, त्यामुळे भाव मूळ किमतीपेक्षा वर चढलेला. मी घेतला तेव्हा आय-एनएव्हीच्या (ईटीएफमधल्या शेअरांच्या त्या क्षणाच्या किमतीच्या) साधारण अकरा टक्के वर होता. शंभराची वस्तू १११ ला. पुढे मूळ इंडेक्स वर गेला, पण मधला फुगवटा कमी झाल्यामुळे मला त्यातलं फारसं काही मिळालं नाही. त्या दिवशी दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर कळलं असतं. दोन्ही एकाच स्क्रीनवर होते.

ईटीएफ घेणारच असाल तर आधी आय-एनएव्ही बघा. फार तर एक टक्का वर असेल तर घ्या, नाहीतर थांबा.

---

नेरूळ_सेक्टर१९ | रविवार, दुपारी ३:२०

सरळ बाहेर पैसे पाठवून अमेरिकेतले ईटीएफ का घेत नाही? एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. मी घेतो.

मात्र त्यातलं ओझंही सांगून ठेवतो. वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दर वर्षी भरावं लागतं, तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. ते चुकलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते: अमेरिकेतली मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर असताना माणूस गेला तर तिथला इस्टेट टॅक्स लागतो, तो ४० टक्क्यांपर्यंत जातो.

माझ्याकडे कंपनीचे आरएसयू (पगाराबरोबर मिळालेले शेअर) आहेत, त्यामुळे एफए मला भरावंच लागतं. ताई, तुम्ही माइंडस्पेसमध्ये आहात. तुमची कंपनी अमेरिकन असेल आणि शेअर मिळत असतील तर ते आधी मोजा. तुमचा परदेशी वाटा कदाचित आधीच पुरेसा असेल.

---

खाडीकाठ | रविवार, दुपारी ४:००

आरएसयू नाहीत. आणि ६० हजार डॉलरचं वाचल्यावर ह्यांनी मान हलवली, त्यामुळे तो रस्ता आमच्यासाठी बंद. मागे राहिलेल्या माणसाला निस्तरता येईल असंच काहीतरी हवं.

---

येऊरवारा | रविवार, रात्री ८:५०

काकांचं १९९२ चं उदाहरण पटलं. तेव्हा मी शाळेतही नव्हतो, त्यामुळे असं काही डोळ्यांसमोर नव्हतं.

पण दुसरी बाजूही मांडतो. २०२२ मध्ये अमेरिकेचा नॅसडॅक १०० निर्देशांक एका वर्षात साधारण ३३ टक्के पडला, मेटा तर ६० टक्क्यांहून जास्त. २००० ते २००९ या दहा वर्षांत एस अँड पी ५०० खालीच गेला होता, त्याच काळात आपला सेन्सेक्स कितीतरी पट झाला. आणि मुलीला जायचंय जर्मनीला. अमेरिकन शेअर म्हणजे डॉलर, युरो नव्हे. खर्च युरोत असेल तर डॉलर घेऊन काय साधणार?

---

आकडेमोड | रविवार, रात्री ९:३५

प्रश्न रास्त आहे. डॉलर म्हणजे युरो नव्हे, हे खरंच. पण जाऊबाईंच्या डायरीत ९० चा दर १०१ झाला तो काही अंशी रुपया दोघांसमोरही घसरल्यामुळे. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, आज ८८ च्या पुढे आहे. परदेशी शेअर त्या घसरणीपासून पूर्ण वाचवणार नाहीत, पण खर्चाच्या दिशेने थोडे तरी सरकतील. जगभरचा फंड घेतला तर त्यात युरोपही येतो. अर्थात एमएससीआय वर्ल्डमध्येही दोन तृतीयांशांहून जास्त अमेरिकाच आहे, आणि नाव ‘वर्ल्ड’ असलं तरी त्यात फक्त विकसित देश, भारत नाही. आपल्या कामासाठी ते बरंच आहे, भारत आपल्याकडे आहेच.

३३ टक्के पडण्याचं उत्तर मात्र एकच: वाटा छोटा ठेवायचा आणि खर्च जवळ आला की कमी करत न्यायचा.

---

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:१५

आज ऐरोलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये बसायला मिळालं, तेव्हा फॅक्टशीट उघडली. चार वर्षांत पहिल्यांदा.

परदेशी शेअर: शून्य. ती ओळच नाही. बाँड २४ टक्के, बाकी सगळं भारतीय, आणि त्यात पहिल्या दहातले चार शेअर बँकांचे. खाली खर्चाचे दोन आकडे होते, रेग्युलर (विकणाऱ्याचं कमिशन धरून) १.७२ टक्के आणि डायरेक्ट (कमिशनशिवाय) ०.६८. माझ्या स्टेटमेंटवर ‘रेग्युलर’ लिहिलंय. दिघा येईपर्यंत मी तेच दोन आकडे पुन्हापुन्हा बघत होते. म्हणजे दर वर्षी एका टक्क्याहून जास्त माझ्या पैशातून जातंय आणि मला ते कोणी सांगितलंही नाही. वाईट वाटलं. विचारलं नाही ही माझी चूक, पण बाई दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतात, हे एक वाक्य त्यांनी सांगायला हवं होतं.

जमा ४ लाख ९० हजार, आजची किंमत ६ लाख ८० हजार. हे डायरेक्टमध्ये वळवताना कर बसेल का?

---

जुना_ठाणेकर | सोमवार, रात्री ९:५०

बसतो. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे विकून पुन्हा घेणंच. पण घाबरण्यासारखं काही नाही. तुमचा फंड इक्विटीच्या करात बसतो, वर्षाहून जुन्या युनिट्सवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही. वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. तुमचा नफा एक लाख नव्वद हजार. नफा मर्यादेत राहील एवढीच युनिट्स मार्चच्या आत वळवा, उरलेली एप्रिलनंतर. सव्वा लाखाच्या आत दोन्हीकडे राहाल. यंदाचा दुसरा काही शेअरचा नफा असेल तर तोही त्याच सव्वा लाखात मोजा.

एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात, हे लक्षात ठेवा. शेवटच्या बारा हप्त्यांची युनिट्स आत्ता हलवू नका, त्यांवर २० टक्के कर आणि वर एक्झिट लोडही (लवकर विकल्याबद्दलची कपात) लागू शकतो. ती वर्षाची होऊ द्या.

आणि बाईंशी भांडू नका. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून आहेत, पण ते विकून बँकेला कमिशन मिळत नाही. त्या नोकरी करतात. आपण आपलं काम आपण करायचं.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री १०:३०

काकांनी कराचं सांगितलंय, मी मिश्रणाचं सांगतो. एकाच फंडात सगळं शोधण्यापेक्षा २५ हजारांचे तीन भाग करा:

१६ हजार अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिडच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये. ५ हजार परदेशी इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या). ४ हजार पीपीएफमध्ये.

हायब्रिडमध्ये शेअर ७० आणि बाँड ३० धरले तर तुमचा एकूण पैसा असा पडतो: भारतीय शेअर साधारण ४५ टक्के, परदेशी २०, बाँड आणि पीपीएफ मिळून ३५. म्हणजे तुम्हाला हवा होता तोच बॅलन्स्ड फंड, फक्त तीन डब्यांत. परदेशी फंडाची मर्यादा भरून एसआयपी थांबलीच तर ते ५ हजार हायब्रिडमध्ये टाकून ठेवता येतात, बाकी घडी मोडत नाही. एकाच फंडात हा वाटा असता तर तो गुपचूप विरत गेला असता.

परदेशी फंडाच्या कराचं वेगळं आहे. दोन वर्षांच्या आत विकला तर तुमच्या स्लॅबने, दोन वर्षांनंतर साडेबारा टक्के. सव्वा लाखाची सूट त्याला नाही. आणि असे बरेच फंड बाहेरच्या दुसऱ्या फंडात पैसे घालतात, तिथला खर्चही आपल्यालाच पडतो. दोन्ही खर्चांची बेरीज बघा.

---

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ७:४०

रात्री जेवण झाल्यावर तिघांनी बसून ठरवलं. मुलीलाही बसवलं, तिच्याच कामाचा पैसा आहे.

जुनी एसआयपी बंद करणार, डायरेक्टमध्ये नवीन सुरू करणार. वरचे तीन भाग तसेच. परदेशी फंड सध्या एसआयपीला खुला आहे का ते कंपनीच्या साइटवर बघितलं, आहे. पण महिन्याला किती घेतात याची कमाल मर्यादा घातलेली आहे, आमचे ५ हजार त्यात बसतात. पारसिकपलीकडे यांचं वाचून त्या कंपनीच्या मेसेजला फोनमध्ये वेगळा आवाज लावून ठेवलाय.

मुलीने एक विचारलं, त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं: बाहेर जायच्या वर्षी बाजार पडलेला असला तर?

---

जुना_ठाणेकर | मंगळवार, सकाळी ८:२०

लेकीने नेमकं विचारलं. तिला सांगा, पहिल्या वर्षाची फी आणि त्या ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम जाण्याच्या तीन वर्षं आधीपासून हळूहळू काढून एफडीत ठेवायची. सगळी एकदम नाही, दर तीन महिन्यांनी थोडी. बाजार वर असो की खाली, तारीख आली की काढायची. ती आत्ता नववीत, म्हणजे २०३० च्या सुमारास काढायला लागा. तोवर काही हलवू नका.

---

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ८:४५

काका, ती आत्ता शाळेत जाताना बुटाची लेस बांधत होती, तेव्हाच वाचून दाखवलं. म्हणाली, ‘लिहून ठेव.’ जाऊबाईंसारखी डायरी आणलीय, पहिल्या पानावर तेच लिहिलंय.

केवायसीमध्ये ह्यांचा पत्ता अजून जुन्या घराचा, कळव्याचा आहे. तो बदलल्याशिवाय नवीन फोलिओ (फंडातलं खातं) उघडता येईल का?

---

नेरूळ_सेक्टर१९ | मंगळवार, सकाळी ९:१०

केवायसी ‘व्हॅलिडेटेड’ असेल तर उघडतो, पण पत्ता आधी बदला. आधार अपडेट असेल तर ऑनलाइनच होतं. पहिला फोलिओ तुमच्या नावाने उघडा, ह्यांना नॉमिनी करा, त्यांचं काम होईपर्यंत हप्ता चुकणार नाही.